सायकलवरचा गॉगल: आधी आडोसा, मग सावली

पुणे, मुंबई, नाशिककडची बहुतेक मंडळी सायकल चालवतात ती पहाटे. साडेपाचला घर सोडायचं, सिंहगडाचा पायथा नाहीतर मरीन ड्राइव्ह गाठायचा, वाटेत चहा-पोहे, आणि नऊच्या आत परत, कारण पुढे ऑफिस असतं. थंडीच्या दिवसांत यातला पहिला तास-दीड तास अंधारात आणि झुंजुमुंजूत जातो. गॉगल मात्र घेतलेला असतो भर दुपारच्या उन्हाचा: काळाकुट्ट, वर निळा-केशरी आरसा. त्यातून काही दिसत नाही म्हणून तो हेल्मेटवर अडकवायचा आणि उघड्या डोळ्यांनी चालवायचं, असा प्रकार सुरू होतो. चिलटं, पुढच्याच्या चाकाने उडवलेली कच, ट्रकमागची धूळ हे सगळं नेमकं त्याच वेळी डोळ्यांत जातं.

सायकलवर गॉगलचं पहिलं काम आडोशाचं, सावलीचं काम दुसरं. हा क्रम धरून निवड केली तर पैसेही कमी लागतात आणि गॉगल हेल्मेटवर न राहता डोळ्यांवर राहतो. उतारावर वेग ४५-५० ला गेला की वाऱ्याने डोळ्यांतून धारा लागतात आणि खड्ड्याची कड धूसर होते. त्या वेगाला एक चिलट बुबुळावर आदळलं तर हात आपोआप डोळ्याकडे जातो, आणि शेजारून एसटी चाललेली असते. शिवाय वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाल्लेल्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांसल पडदा वाढू शकतो; डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. उघड्यावर काम करणाऱ्यांत तो जास्त दिसतो. आठवड्याला शे-दोनशे किलोमीटर करणारा सायकलवालाही त्याच रांगेत बसतो.

पहिली पायरी: तुम्ही कधी आणि कुठे चालवता ते मांडा

दुकानात जायच्या आधी हे करा. गेल्या महिन्याभराच्या राइड आठवा, किंवा स्ट्राव्हा हे राइड नोंदवणारं अ‍ॅप उघडून बघा: निघालात किती वाजता, परतलात किती वाजता. बहुतेकांची गाडी पुढच्यापैकी एका डब्यात बसते. 

फक्त पहाटेची राइड करणाऱ्याला गडद काच लागतच नाही. पारदर्शक किंवा अगदी फिकी पुरते. सायकलने ऑफिसला जाणाऱ्याची सकाळ उन्हात जाते आणि परतताना समोरून हेडलाइट असतात, म्हणजे दोन टोकं. शनिवार-रविवारी लांब जाणारा अंधारात निघतो आणि अकराच्या उन्हात परततो. आणि बीआरएमवाल्यांचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठायच्या राइड करणाऱ्यांचं, तर ठरलेलंच आहे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० अशी मुदत असते. ३०० च्या पुढे रात्र चुकत नाही, आणि रात्री डोळे उघडे ठेवून चालवायचं म्हणजे किड्यांना आमंत्रण.

जागाही लिहून काढा. ऊसतोडीच्या हंगामात बारामती, फलटण, कराडकडे ट्रॉलीमागून पाचटाचे तुकडे आणि माती उडत असते. तिथे डोळ्यांच्या बाजूंनीही झाकणारा गॉगल हवा. ताम्हिणी, वरंधसारख्या घाटांत झाडांची सावली आणि ऊन यांचा लपंडाव असतो. कोकणात घाम आणि दमट हवा. विदर्भात एप्रिलनंतर नुसतं ऊन. या सगळ्यांना एकच गॉगल सांगणारा माणूस बहुधा विक्रेता असतो.

दुसरी पायरी: काळेपणा ठरवा

गॉगलची काच किती उजेड आत सोडते याला व्हीएलटी म्हणतात आणि तो टक्क्यांत असतो. आयएसओ १२३१२-१ या मानकात त्यावरून पाच प्रकार पाडले आहेत. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर ‘कॅट’ आणि पुढे एक आकडा असतो, तो हाच:

कॅट ०: ८० ते १०० टक्के उजेड आत. पारदर्शक. रात्र, पहाट, पाऊस.
कॅट १: ४३ ते ८० टक्के. फिकी काच. ढगाळ हवा, सकाळची कोवळी उन्हं.
कॅट २: १८ ते ४३ टक्के. सकाळी आठ-नऊचं ऊन, झाडीचे रस्ते.
कॅट ३: ८ ते १८ टक्के. भर ऊन. बाजारातले बहुतेक ‘स्पोर्ट्स’ गॉगल यातले.
कॅट ४: ३ ते ८ टक्के. बर्फाळ डोंगरांसाठी. रस्त्यावर गाडी चालवताना हा वापरायचा नाही, सायकलवरही नाही.

एकच गॉगल घ्यायचा असेल तर माझं मत सरळ आहे: फोटोक्रोमिक घ्या, आणि त्याची फिकी बाजू कॅट १ किंवा शक्य असल्यास कॅट ० पर्यंत जाणारी बघा. हा उन्हात आपोआप गडद होतो आणि सावलीत फिका. पहाटे निघालेल्या माणसाला काच बदलत बसावं लागत नाही. खोक्यावर ‘कॅट १-३’ किंवा ‘०-३’ असं लिहिलेलं असतं. ‘२-३’ असेल तर तो फोटोक्रोमिक असून नसल्यासारखा; पहाटेचा अंधार त्यात तसाच राहतो.

फोटोक्रोमिकच्या दोन मर्यादा मात्र विक्रेते सांगत नाहीत. एक, गडद व्हायला त्याला अर्धा-एक मिनिट लागतं, पण फिकं व्हायला काही मिनिटं. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात की काच गडदच असणार आणि बोगदा संपेपर्यंत ती तशीच राहणार. तोंडाशी येण्याआधीच गॉगल नाकाच्या शेंड्यावर ओढायचा आणि वरून बघायचं. दुसरी मर्यादा उन्हाळ्याची: काच जितकी तापते तितकी कमी गडद होते. थंडीत महाबळेश्वरला जी काच मस्त काळी होते ती मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी अर्धवटच राहते. त्या भागात दिवसाची राइड जास्त असेल तर साधी कॅट ३ ची काच आणि जोडीला एक पारदर्शक, हा जुना मार्गच बरा.

बजेट कमी असेल तर काच बदलता येणारा गॉगल बघा. अशा खोक्यात बहुतेकदा तीन ते पाच काचा येतात. खऱ्या उपयोगाच्या दोनच, पारदर्शक आणि गडद. बाकीच्या कपाटात राहतात. विकत घेण्याआधी दुकानातच एकदा काच काढून परत बसवून बघा. काही फ्रेममध्ये ती निघताना इतकी वाकवावी लागते की भीती वाटते, आणि प्रत्येक वेळी बोटांचे ठसे उमटतात ते वेगळेच.

तिसरी पायरी: यूव्हीची खात्री

काळेपणा आणि यूव्ही यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पारदर्शक काचही जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवू शकते आणि काळी काच ते खुशाल आत सोडू शकते. काळी आणि यूव्ही न अडवणारी काच तर उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण काळोख वाटल्यामुळे बाहुली मोठी होते आणि आत जास्त किरण जातात. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. हाच शब्द हवा. नुसतं ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

दिलासा एवढाच की पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिकच मुळात बहुतांश यूव्ही शोषून घेतं. म्हणजे पॉलिकार्बोनेटचा स्वस्त गॉगलही या बाबतीत सहसा नापास होत नाही. प्रश्न येतो तो कुठलं प्लास्टिक आहे हेच न लिहिलेल्या मालाचा.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे चष्म्याचं दुकान. बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं. गॉगल खाली ठेवला की आकडा दिसतो. ओळखीचा दुकानदार असेल तर पैसेही घेत नाही. घरी करायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च आणि पाचशेची नोट घ्या. अंधारात टॉर्च मारली की नोटेवरचा नंबर आणि कागदातले बारीक धागे चमकतात. आता टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. चमक गेली पाहिजे. जांभळा उजेड टाकणारी स्वस्त ३९५ ची टॉर्च इथे चालत नाही, कारण तिचा दिसणारा उजेड काचेतून येतोच आणि उगाच संशय वाढवतो.

दुकानात आणखी दोन प्रयोग दाखवले जातात. एक निळ्या पॉइंटरचा, दुसरा एका छोट्या कार्डाचा, ज्यातलं लपलेलं चित्र गॉगलमधून दिसतं. पहिला ‘ब्लू कट’चा, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेचा आहे, दुसरा पोलराइज्डचा, म्हणजे चकाकी कापणाऱ्या काचेचा. दोन्हींचा यूव्हीशी संबंध नाही, मग दाखवणारा कितीही आत्मविश्वासाने बोलत असो.

चौथी पायरी: रंग

इथे लोक फार वेळ घालवतात आणि खरं तर दोन वाक्यांत संपतं. करड्या काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी किंवा गुलाबीसर काचेतून डांबरातले उंचसखल भाग उठून दिसतात. आपल्या रस्त्यांवर मी तपकिरीच्या बाजूने आहे. सिंहगडाच्या उतारावर झाडाच्या सावलीत लपलेला खड्डा आणि नुसती सावली यातला फरक तपकिरी काचेत आधी कळतो. वेगवेगळ्या कंपन्या रंग निवडून गाळणाऱ्या काचांना आपापली नावं देतात, ओकलीचं ‘प्रिझम’ त्यातलंच. तिथेही मूळ उद्देश हाच, डांबर, पांढरा पट्टा आणि कच यांत फरक दिसणं.

पिवळ्या काचेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ढगाळ सकाळी पिवळी काच छान वाटते, सगळं उजळल्यासारखं भासतं. पण रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपू नयेत म्हणून ती घेणं चुकीचं. काच पिवळी असो वा कुठलीही, ती उजेड कमीच करते, आणि रात्री तुम्हाला आहे तो सगळा उजेड हवा असतो. रात्री पारदर्शक, विषय संपला.

आरशाचा मुलामा म्हणजे उजेड थोडा आणखी कमी आणि फोटो जरा बरा. ओरखडे मात्र त्यावर लवकर दिसतात.

पोलराइज्ड घ्यायचा का? मासेमारीला, बोटीवर, समुद्राकाठी उत्तम. किनाऱ्याकाठच्या सागरी महामार्गाने कोकणातून गोव्याकडे निघालात, आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीत उभे राहिलात, तर पाण्याची चकाकी क्षणात नाहीशी होते. पण रस्त्यावर हीच चकाकी कामाची असते. ओलं डांबर, सांडलेलं डिझेल, पावसाळ्यातला शेवाळी पट्टा हे सगळं आपल्याला चकाकीमुळेच आधी दिसतं. शिवाय मोबाइलचा किंवा सायकल कॉम्प्युटरचा पडदा काही कोनांत काळा पडतो. घ्यायचाच असेल तर आधी आपला सायकल कॉम्प्युटर समोर धरून, मान तिरकी करून बघा. रोजच्या सायकलिंगला मी तो सुचवत नाही.

पाचवी पायरी: काच आणि फ्रेम कशाची

काच पॉलिकार्बोनेटची किंवा तिच्यासारख्याच चिवट प्लास्टिकची हवी. खरी काच असलेला गॉगल सायकलवर नकोच. पडलात तर तुकडे डोळ्याजवळ होतात. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात, म्हणून त्यावर कडक मुलामा लागतो. फ्रेम टीआर९० या नायलॉनसारख्या प्लास्टिकची असेल तर हलकी आणि लवचीक; काड्या बाहेरच्या बाजूला वाकवल्या तरी मूळ जागी येतात. नाकावरचं आणि काडीच्या टोकाचं रबर मात्र तपासा. चांगलं रबर घामाने ओलं झालं की जास्त पकडतं, साधं प्लास्टिक घामात सटकतं. दुकानात बोट ओलं करून रबरावर घासून बघितलं की लगेच कळतं.

काच वाकडी दाखवते का, तेही बघा. गॉगल हातभर लांब धरा, काचेतून दाराची चौकट किंवा ट्यूबलाइट बघा आणि गॉगल हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. रेषा कुठे लाटेसारखी हलली तर ठेवून द्या. चेहऱ्याभोवती वळलेल्या काचांमध्ये ही भानगड जास्त, आणि तासाभरात डोकं जड होण्याचं ते एक कारण असतं.

सहावी पायरी: हेल्मेट घालून, वाकून बघा

माझ्या मते निवडीतलं निम्मं काम इथे आहे, आणि नेमकं हेच ऑनलाइन खरेदीत राहून जातं. डेकॅथलॉनसारख्या दुकानात जाताना आपलं हेल्मेट घेऊन जा. लोक बघतील, बघू द्या.

आधी हेल्मेट घाला, पट्टा आवळा, मग गॉगल. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून घ्या. शर्यतीतले सायकलपटू तशाच घालतात. त्यात फॅशन आहेच, पण सोयही आहे: एका हाताने ओढला की गॉगल निघतो. वरच्या फटीतून मधमाशी आत शिरली तर हे किती मोलाचं ते सांगायला नको.

आता काड्यांची टोकं हेल्मेटच्या मागच्या आवळायच्या पट्टीला अडतात का बघा. अडत असतील तर दर धक्क्याला गॉगल पुढे सरकणार. फ्रेमची वरची कड आणि हेल्मेट यांच्यात थोडी तरी फट हवी. नसेल तर हेल्मेट गॉगलला खाली ढकलतं आणि भार सगळा नाकावर येतो.

मग वाका. शर्यतीच्या सायकलच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर जसे वाकता तसे, हात गुडघ्यांवर टेकवून, आणि मान वर न करता फक्त नजर उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. या स्थितीत आपण काचेच्या अगदी वरच्या भागातून बघत असतो. वरची फ्रेम मध्ये आली तर शर्यतीच्या सायकलसाठी तो गॉगल बाद. उंच काचेचा किंवा वर फ्रेम नसलेला शोधा. ओकलीचं आयशेड १९८४ मध्ये आलं आणि अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या चेहऱ्यावर दिसू लागलं, तेव्हापासून सायकलचे गॉगल एकसंध मोठ्या काचेकडे वळले, ते उगाच नाही. हायब्रिड किंवा सिटी सायकलवर ताठ बसणाऱ्याला मात्र हा प्रश्न येत नाही. त्याने साधी पूर्ण फ्रेम घेतली तरी चालते, उलट काच जास्त सुरक्षित राहते.

यानंतर उजवीकडे वळून मागे बघा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे मागून येणारी गाडी बघायची ती उजव्या खांद्यावरून. काडी जाड असेल तर ऐन त्या कोनात ट्रकएवढी जागा झाकली जाते. शहरात चालवणाऱ्याने तर ही चाचणी चुकवूच नये.

चेहऱ्याचं माप: पापण्या काचेला लागता कामा नयेत, नाहीतर आतून तेलकट रेघा उठतात. गाल फुगवून हसून बघा. फ्रेम वर उचलली गेली तर गालाशी हवा अडते आणि वाफ धरते. आपल्यातल्या अनेकांच्या नाकाचा पूल बसका असतो, आणि परदेशी चेहऱ्यांसाठी बनवलेला गॉगल अशा नाकावर घसरतो. तार असलेलं, कमी-जास्त करता येणारं नाकाचं पॅड किंवा ‘लो ब्रिज’ किंवा ‘एशियन फिट’ लिहिलेली फ्रेम बघा. लहान चेहऱ्याच्या स्त्रियांनी आणि मुलांनी लहान मापच मागावं. मोठ्या काचेचा गॉगल चेहऱ्यावर भारी दिसतो, पण बाजूंनी वारा आत येतो आणि मग गॉगल घालून काय मिळवलं?

शेवटी डोकं खाली करून जोरात नाही-नाही म्हणा. हलला नाही, तर दहा मिनिटं तसाच घालून दुकानात फिरा. कानामागे रुतत असेल तर ते दहाव्या मिनिटाला कळतं, पहिल्या मिनिटाला नाही.

सातवी पायरी: वाफ, घाम, पाऊस

चढावर वेग सात-आठ किलोमीटरवर आला की वारा थांबतो, चेहरा तापलेला असतो आणि आतली गरम दमट हवा काचेवर वाफ होऊन बसते. बोरघाटात, कात्रजच्या जुन्या घाटात सप्टेंबरमध्ये हे हमखास होतं. काचेच्या वरच्या आणि खालच्या कडेला हवेसाठी भोकं किंवा खाचा असतील तर फरक पडतो. त्याहून जास्त फरक पडतो तो काच आणि गाल यांच्यातल्या फटीने. आता इथे ओढाताण आहे: फट जास्त तर धूळ आत, फट कमी तर वाफ. धुळीच्या पट्ट्यात चालवणाऱ्याने वाफ सोसावी, कोकणातल्याने धूळ सोसावी. दोन्ही टाळणारा गॉगल मी अजून बघितलेला नाही.

‘अँटी-फॉग’ मुलामा काचेच्या आतल्या बाजूला असतो आणि दर वेळी पुसताना झिजतो. म्हणून आतून कमीत कमी पुसायचं. नाकावर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ओढून चालवत असाल तर श्वास थेट गॉगलमध्ये जातो. बफ नाकाच्या हाडाखाली ठेवा किंवा चढावर खाली करा. चढावर गॉगल काढून हेल्मेटच्या भोकांत उलटा खोवता येतो का, हेही दुकानातच बघून घ्या. प्रत्येक हेल्मेटमध्ये प्रत्येक गॉगल बसत नाही.

पावसात पारदर्शक काच आणि हेल्मेटखाली पुढे चोच असलेली कापडी सायकलिंग टोपी. थेंब काचेवर कमी येतात. मुसळधार असेल तर कुठलाच गॉगल काम करत नाही, टपरी शोधावी.

नंबरवाल्यांसाठी

चष्मा असलेल्या माणसाला वरचं सगळं वाचून वैताग आला असेल. त्याच्यापुढे मार्ग आहेत, पण एकही बिनत्रासाचा नाही.

सर्वांत सोपा म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स आणि वरून कुठलाही गॉगल. वाऱ्याने लेन्स सुकते, म्हणून बाजूंनी झाकणारी फ्रेम हवी, आणि धुळीच्या रस्त्याला रोज फेकायच्या लेन्स बऱ्या. लांबच्या राइडला खिशात साधा चष्मा ठेवा. रात्री लेन्स निघाली तर पुढचे शंभर किलोमीटर आंधळी कोशिंबीर नको.

दुसरा मार्ग आतल्या फ्रेमचा, ज्याला इन्सर्ट म्हणतात. गॉगलच्या आत नाकापाशी एक छोटी फ्रेम अडकते आणि तिच्यात नंबरच्या काचा बसवतात. गॉगल विकत घेतानाच तो इन्सर्ट घेतो का ते बघा. नंतर वेगळा मिळेल या भरवशावर राहू नका. फायदा असा की बाहेरची काच बदलता येते आणि नंबर बदलला तरी खर्च फक्त आतल्या काचांचा. तोटा असा की आता वाफ धरायला चार पृष्ठभाग, आणि लांब पापण्यांच्या लोकांना ते सतत टोचतं. काचा बसवताना दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, दुकानदाराकडून नीट मोजून घ्या.

तिसरा, थेट नंबरची वळलेली काच. दिसतं सर्वांत छान, खर्च सर्वांत जास्त. वळणामुळे काचेचा नंबर डोळ्यासाठी थोडा बदलतो आणि तो हिशोब करून काच घासावी लागते, म्हणून असं काम नेहमी करणाऱ्याकडेच जा. उणे चारच्या पुढे नंबर असेल, सिलिंडरही जास्त असेल, तर कमी वळणाची फ्रेम घ्यावी. कडेला जाडी आणि वेडीवाकडी प्रतिमा दोन्ही वाढतात.

रोज पाच-सहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये. आहे त्याच नंबरात, जरा मोठ्या फ्रेमचा, पॉलिकार्बोनेट फोटोक्रोमिक चष्मा करून घ्यावा.

चाळिशी उलटलेल्यांची अडचण वेगळीच: रस्ता स्वच्छ, पण सायकल कॉम्प्युटरवरचे आकडे धूसर. काचेच्या खालच्या भागात वाचनाचा छोटा नंबर असलेले सायकलिंग गॉगल मिळतात, आणि नुसती चिकटवायची पारदर्शक पट्टीही मिळते. आधी पट्टी लावून बघा, ती स्वस्त आहे.

पैसे किती घालायचे

साधारण हजार-बाराशेच्या आत तीन काचांचा टीआर९० फ्रेमचा बरा गॉगल मिळतो. दोन ते चार हजारांत कामचलाऊ नव्हे तर खरोखर चांगला फोटोक्रोमिक. ओकली, रुडी प्रोजेक्ट, ‘१००%’ (हंड्रेड पर्सेंट) या कंपन्यांच्या वर्गात आकडा पाच अंकी होतो. काच जास्त स्वच्छ, वजन कमी, मुलामा टिकाऊ हे खरं. पण हजाराच्या आणि तीन हजाराच्या गॉगलमध्ये जो फरक आहे तेवढा तीन हजाराच्या आणि पंधरा हजाराच्यात नाही. महाग घ्यायचाच तर त्याची सुटी काच भारतात मिळते का ते आधी विचारा. काचेवर ओरखडे वर्ष-दोन वर्षांत पडणारच, आणि सुटी काच नसेल तर पंधरा हजारांची फ्रेम शोभेला उरते.

‘फर्स्ट कॉपी’ घेऊ नका. नाव मोठं, आणि काच कुठल्या प्लास्टिकची ते देवाला ठाऊक. त्याच पैशांत स्वतःच्या नावाने विकला जाणारा साधा गॉगल नक्की बरा.

रात्रीसाठी वेगळा गॉगल हवा असेल तर एक जुगाड सांगतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही औद्योगिक सुरक्षा सामानाच्या दुकानात कामगारांसाठीचे पारदर्शक सेफ्टी गॉगल शे-दोनशेत मिळतात. पॉलिकार्बोनेट, बाजूंनी झाकणारे. काडीवर ‘झेड ८७’ (Z87) असा अमेरिकी सुरक्षा मानकाचा शिक्का असेल तर धक्क्याची चाचणी झालेला आहे असं समजा. दिसायला वेल्डिंगच्या दुकानातून आल्यासारखे दिसाल, पण रात्री नऊला नगर रोडवर कोण बघतंय.

घरी आल्यावर

घामाचं मीठ आणि धूळ घेऊन आलेली काच जर्सीने पुसली की ओरखडे तिथेच पडतात. आधी नळाखाली धरा, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवा, धुवा, झटका आणि मायक्रोफायबरच्या स्वच्छ कपड्याने टिपा. खिडक्यांच्या काचा पुसायचा स्प्रे, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्यापासून लांब ठेवा; मुलामा उतरतो. डासांच्या काही क्रीममध्ये डीट असतं, ते प्लास्टिक खातं, म्हणून क्रीम लावलेल्या हातांनी गॉगल धरू नका. आणि राइडनंतर गाडीच्या डॅशबोर्डवर फेकून उन्हात ठेवू नका. तिथल्या उष्णतेने फ्रेम वाकते आणि मुलाम्याला बारीक तडे जातात.

पहिली राइड

टॅग कापू नका, खोकं ठेवा, परत करायची मुदत बघून घ्या. पहिली राइड नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वेळेला करा. अंधारात निघताना रस्त्यावरचे रंबलर वेळेत दिसतात का, उतारावर डोळ्यांत पाणी येतं का, चढावर वाफ धरली तर किती वेळात जाते, उगवतीच्या उन्हाकडे तोंड केल्यावर काचेत तिरीप पसरते का, एवढं बघा. सूर्य समोर असेल असा रस्ता निवडा. पुण्याहून सोलापूर रोडला सकाळी तो आपोआप मिळतो. राइडभर गॉगलला किती वेळा हात लावला तेही लक्षात ठेवा. दर दहा मिनिटांनी नाकावर ढकलावा लागत असेल तर नाकाचं पॅड चिमटून अरुंद करा आणि पुन्हा एकदा जाऊन या. तरीही घसरला तर मुदतीच्या आत परत करा आणि दुसरं माप मागवा.